बघवत नाही : लोकप्रिय नट आणि शेजारचा प्रेक्षक

एखाद्या नटाविषयीची नापसंती मराठीत तीन प्रकारे व्यक्त होते. 'तो मला आवडत नाही', 'त्याचे चित्रपट मी बघत नाही' आणि 'तो मला बघवत नाही'. पहिले विधान अभिरुचीचे आहे, दुसरे निर्णयाचे. तिसऱ्या विधानात शक्य क्रियापद आले आहे आणि त्याबरोबर कर्त्याचे कर्तेपण गळून पडले आहे. न पाहण्याचा निर्णय बोलणाऱ्याने घेतलेला नाही. ते त्याच्याने होत नाही, एवढेच तो सांगतो. चालवत नाही, बसवत नाही, जेववत नाही ही जशी शरीराच्या मर्यादेची विधाने, तसेच हेही. म्हणून त्याच्याशी वाद घालता येत नाही. 'का आवडत नाही?' हा प्रश्न रास्त ठरतो. 'का बघवत नाही?' असे विचारणारा मात्र अडाणी ठरतो.

मराठी समीक्षेने अभिरुचीविषयी विपुल लिहिले आहे. अरुचीचा विचार मात्र 'ज्याची त्याची आवड' या सदरात टाकून तिने सोडून दिला. वास्तविक या क्रियापदाचा व्यवहार नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. ते अपयशी नटाच्या वाट्याला सहसा येत नाही. अपयशी नट विस्मरणात जातो, त्याच्याविषयी कोणी त्वेषाने बोलत नाही. जो हजारोंना पुन्हापुन्हा बघावासा वाटतो, तोच कोणाला तरी मुळीच बघवत नाही. तेव्हा या असह्यतेचे कारण एकट्या नटाच्या अभिनयात शोधून चालणार नाही. त्या हजारोंचा आणि या एकाचा काही संबंध आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते.

संस्कृत साहित्यशास्त्राला हा प्रश्न अगदीच अपरिचित नव्हता. नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली आहेत. प्रतीतीची साधने अपुरी असणे, प्रतीती स्फुट नसणे, प्रधान काय आणि गौण काय याचा घोळ होणे, ही त्यांतील काही विघ्ने प्रयोगाच्या बाजूची. स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे किंवा समोरचे सुखदुःख अमक्याच व्यक्तीचे असे धरून बसणे, ही प्रेक्षकाच्या बाजूची. नटाचे नटपण आड येऊ नये म्हणून मुकुट, वेष यांनी ते झाकले जावे, अशी तेथे व्यवस्था आहे. लोकप्रिय चित्रपटनटाचे सामर्थ्य नेमके याच्या उलट दिशेने वाहते. दादा कोंडके यांची ढगळी अर्धी चड्डी आणि तिची लोंबणारी नाडी ही एका भूमिकेची वेशभूषा राहिली नाही, ती दादांची ओळख झाली. पात्राचे नाव बदलले तरी समोर दादाच आहेत याची ग्वाही ती देत असे. प्राचीनांनी जे विघ्न मानले, तेच येथे आकर्षण झाले आहे. साहजिकच, ज्याला हे आकर्षण लागू पडत नाही त्याच्यासाठी ते विघ्न म्हणूनच शिल्लक उरते आणि प्रत्येक चित्रपटात नव्याने उभे राहते.

अभिनवगुप्ताचे आणखी एक निरीक्षण रसचर्चेत तुलनेने मागे पडले आहे. सर्व सामाजिकांची प्रतीती जेव्हा एकघन होते, तेव्हा रसाचा परिपोष अधिक होतो, असे तो मानतो. मराठीतील रसचर्चा बहुधा एकट्या सहृदयाभोवती फिरत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर काव्य वाचणारा वाचक होता. प्रेक्षागृहात मात्र सहृदयाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसलेली असतात. लोकप्रिय नट ही एकघनता निर्माण करण्यात वाकबगार असतो. त्याच्या पहिल्या दर्शनालाच सारे गृह एका श्वासाने हसते, शिट्टी वाजवते किंवा डोळ्यांना पदर लावते. 'बघवत नाही' म्हणणारा प्रेक्षक या घनात विरघळण्यास नकार देत असतो. त्याला खुपतो तो पडद्यावरचा चेहरा, हे खरे. परंतु त्याहून अधिक खुपते ते त्या चेहऱ्याकडे पाहून शेजारच्याबरोबर हसावे लागणे.

हे विधान धाडसाचे वाटेल. दादा कोंडके यांच्या कारकिर्दीतच त्याचा पुरावा सापडतो.

दादांचा जन्म १९३२ सालचा, नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतला. सेवा दलाच्या कलापथकात त्यांची जडणघडण झाली. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने १९६० नंतरच्या दशकात त्यांना नावारूपास आणले. या प्रयोगांना पांढरपेशा प्रेक्षक मोठ्या संख्येने येत असे. आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांची शिफारस केली ती या लोकनाट्यातील काम पाहून, आणि त्यातून १९६९ सालचा 'तांबडी माती' आला. त्या काळात दादा कोणाला बघवत नसत असे दिसत नाही. त्यांच्या हजरजबाबीपणाचे, राजकारणावरील ताज्या कोट्यांचे कौतुक सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतही होत होते. कोट्या त्या वेळीही द्व्यर्थी होत्याच. कंबरेखालचा विनोद रंगभूमीवर निषिद्ध होता असे नाही. त्याला लोककलेचे प्रमाणपत्र मिळाले होते.

१९७१ साली 'सोंगाड्या' आला. लेखक तेच सबनीस, नट तोच, विनोदाची जातही तीच. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंद यांच्या हिंदी चित्रपटासाठी तो डावलला जात असता शिवसेनेच्या हस्तक्षेपाने तो लागला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'राम राम गंगाराम' (१९७७) असे चित्रपट येत गेले. ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठल्याचा विक्रम गिनेस बुकाच्या हवाल्याने नेहमी सांगितला जातो. आणि याच काळात 'कोंडके बघवत नाहीत' हे वाक्य सुशिक्षित मराठी घरांत रूढ झाले.

मधल्या काळात नट बदलला नव्हता. शेजारी बदलला होता. 'विच्छा'च्या प्रयोगाला सुशिक्षित प्रेक्षक लोककला पाहण्यास जात होता आणि त्याच्या आजूबाजूला त्याच्यासारखेच लोककला पाहण्यास आलेले लोक होते. 'सोंगाड्या'च्या खेळाला ज्यांची ती कला होती तेच आले. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात पाळी संपवून आलेला कामगार नाम्याच्या भाबडेपणावर हसत होता तो लोकपरंपरेचा अभ्यास म्हणून नव्हे. या हसण्यात सामील व्हायचे तर कौतुक करणाऱ्याची उंच जागा सोडून खाली यावे लागत होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दियो याने १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात अभिरुचीचे मूळ इतरांच्या अभिरुचीविषयीच्या तिटकाऱ्यात शोधले आहे. त्याची उदाहरणे फ्रान्सची होती. नायगाव-दादर हे अंतर त्याला पुरले असते.

शब्दयोजनाही येथे लक्षणीय आहे. एका शब्दातून दोन अर्थ निघणे याला वर्गात श्लेष म्हणतात आणि तो अलंकार म्हणून शिकवला जातो. एकनाथांच्या भारुडांत लौकिक अर्थाखाली पारमार्थिक अर्थ असतो, त्याला रूपक म्हणतात. शाहिरी वाङ्मयातील शृंगाराला 'उत्तान' हे विशेषण लावून का होईना, अभ्यासक्रमात जागा मिळते. चित्रपटगृहात तोच व्यापार घडला की त्याला 'द्व्यर्थी संवाद' हे नाव मिळते, आणि या नावात निवाडा आधीच देऊन टाकलेला असतो.

येथवरचे विवेचन दादांच्या बाजूचे झाले. एवढ्यावर थांबल्यास ते सोयीचे होईल, परंतु अपुरे राहील. गेल्या काही दशकांत बहुजनवादी समीक्षेने दादांची जी पाठराखण केली तिचा दोष हाच, की न बघवणारा प्रत्येक प्रेक्षक तिने पांढरपेशा ठरवून टाकला. वस्तुस्थिती तशी नाही. दादांचा प्रेक्षक पुढे कोठे गेला हे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गिरणगाव हळूहळू रिते झाले आणि त्यातील अनेक कुटुंबे कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण अशी मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने पांगली. त्यांपैकी दिवा हे स्थानक सांस्कृतिक नकाशावर विचित्र जागी आहे. एका बाजूला ठाणे. तेथे १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे आणि २०१० साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. दुसऱ्या बाजूला डोंबिवली. तेथे सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे आणि २०१७ साली नव्वदावे संमेलन भरले. या दोहोंच्या मधल्या दिव्याचा उल्लेख होतो तो वसई आणि पनवेलचे फाटे फुटणारे जंक्शन म्हणून, कोकणातल्या पॅसेंजरसाठी, रेल्वे फाटकासाठी, किंवा अनेक वर्षे तेथे टाकल्या गेलेल्या ठाणे शहराच्या कचऱ्यासाठी. जलद लोकल तेथे थांबू लागल्या त्या २०१६ सालच्या डिसेंबरात. मूळच्या आगरी-कोळी गावाभोवती चाळींची आणि दाटीवाटीच्या इमारतींची वस्ती वाढत गेली. तिच्यात लालबाग-परळहून आलेली माणसे आहेत, तशीच कोकणातून आणि देशावरून थेट आलेलीही.

या वस्तीतील चित्रपट पाहण्याची रीत विचारात घेण्यासारखी आहे. तेथे चित्रपट भेटतो तो मुख्यतः दूरचित्रवाणीवर. झी टॉकीजसारखी केवळ मराठी चित्रपटांची वाहिनी २००७ साली सुरू झाल्यापासून जुने चित्रपट घरबसल्या वारंवार दिसू लागले. घर बहुधा एका खोलीचे. त्या खोलीत आजोबा आहेत, ज्यांनी 'सोंगाड्या' भारतमातात पाहिला असू शकेल. मुलगा आहे, सून आहे, दहावीला बसलेली नात आहे. पडदा एक आणि रिमोट एक. अशा खोलीत 'मी बघत नाही' असे म्हणण्याची सोयच नसते, कारण उठून जाण्यास दुसरी खोली नाही. तेथे 'बघवत नाही' हे क्रियापद आपल्या मूळ, अक्षरशः अर्थाने उभे राहते. नाडीची कोटी झाली की आजोबा हसत नाहीत, घसा खाकरतात. सून ओट्याकडे वळते. मुलगा वाहिनी बदलतो. वर्ग तोच, बोली तीच, परंपरा तीच. तरीही दादा बघवत नाहीत.

याचा उलगडा पुन्हा शेजारच्या प्रेक्षकातच आहे. सोंगाड्याचा विनोद ज्या मेळ्यात घडला तो प्राधान्याने पुरुषांचा मेळा होता. गवळणीतील मावशीपासून बतावणीपर्यंत सारी रचना पुरुषांनी पुरुषांसमवेत हसण्यासाठी केलेली. त्या एकघनतेची ती अट होती. चित्रपटगृहाच्या अंधाराने ही अट काही अंशी पाळली. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात सासरा आणि सून एकाच कोटीचे सामाजिक होऊ शकत नाहीत. तेथे घन फुटतो. शिवाय सुनेची अडचण सासऱ्याच्या अडचणीहून वेगळी आहे. त्याला संकोच वाटतो. तिच्या बाबतीत ती स्वतःच कोटीचा विषय असते. पडद्यावरील उषा चव्हाण यांच्या पात्राकडे पाहून जे सुचवले जाते ते उद्या नाक्यावर तिला ऐकावे लागणार असते. तिच्या 'बघवत नाही'ला अभिजनांची नाके मुरडण्याची सवय म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो स्वतःला बहुजनवादी म्हणवणाऱ्या समीक्षेकडून झाला आहे. दादांच्या उत्तरकाळात, विशेषतः १९८० नंतरच्या चित्रपटांत आणि 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) सारख्या हिंदी प्रयत्नांत, राजकीय आणि सामाजिक टोचणी विरळ होत गेली आणि कोटी यांत्रिक झाली. शीर्षकातच कोटी उरकून घेण्याची वेळ आली. 'पांडू हवालदार'मधील पोलीस खात्याची थट्टा या चित्रपटांशेजारी ठेवून पाहिली म्हणजे फरक कळतो. हा फरक दाखवणे हे दादांचे अवमूल्यन ठरत नाही. तो न दाखवता सारेच थोर म्हणणे म्हणजे नटाला समीक्षेच्या लायक न मानणे होय.

याच एका खोलीत आणखी एक चेहरा उलट दिशेने असह्य होतो. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. राजस्थानी 'बाई चाली सासरिये'चा हा मराठी अवतार. दिग्दर्शक दादांचे पुतणे, हा योगायोग बोलका आहे. काकांनी पुरुषांचे हसणे एकघन केले होते; पुतण्याने बायकांचे रडणे. अलका कुबल यांच्या सोशिक सुनेने खेड्यापाड्यांतील स्त्रियांना थव्याथव्यांनी चित्रपटगृहात आणले. आणि लगेचच 'अलका कुबल बघवत नाही' हा सुशिक्षितांचा, मुख्यत्वे पुरुषांचा, विनोदाचा विषय झाला. रडण्यावरच्या या थट्टेत शहाणपणाचा जेवढा आव आहे तेवढा विचार नाही. स्त्रीवादी दृष्टीने या चित्रपटावर गंभीर आक्षेप घेता येतात: सोशिकतेचा गौरव, मरणाने होणारी सुटका, सासरच्या छळाचे नाट्यीकरण. परंतु थट्टा करणाऱ्यांचा आक्षेप हा नव्हता. शेजारची बाई हुंदके देते आहे, याचीच त्यांना लाज वाटत होती. दादांवर न हसणारी दिव्याची सून दुपारी काम आवरून हा चित्रपट पाहते, तेव्हा तिचा नवरा म्हणतो, बघवत नाही. एकाच घरातील हे दोन नकार परस्परांना उत्तर देत आहेत, असे मानावयास जागा आहे.

निळू फुले यांचे प्रकरण वेगळे आहे आणि तुलनेने सरळ. 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) पासून त्यांनी रंगवलेला लंपट, बेरकी सत्ताधारी इतका खरा वाटला, की ग्रामीण स्त्रियांचा राग नटावरच वळल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. हीच व्यक्ती सेवा दलाच्या संस्कारात वाढलेली आणि सामाजिक चळवळींत वावरणारी. परंतु ही असह्यता म्हणजे नटाच्या कामाची पावतीच. ती नटापुढे प्रश्न उभा करीत नाही. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात तर हेच क्रियापद प्रेमापोटी आले. वय आणि देह साथ देत नसतानाही स्त्रीभूमिकेत उभे राहणारे गंधर्व ज्यांना बघवले नाहीत, ते त्यांचे निस्सीम भक्तच होते. तिटकारा आणि कणव या दोहोंसाठी मराठीने एकच क्रियापद राखून ठेवावे, हे भाषाभ्यासकांनी पाहण्याजोगे आहे.

या व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत नटाला मोजावी लागते, आणि ती लक्ष्मीकांत बेर्डे यांनी मोजली. 'टूरटूर'च्या रंगमंचावरून आलेल्या या नटाने 'धुमधडाका' (१९८५), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आणि त्यामागून आलेल्या असंख्य विनोदी चित्रपटांनी दशकभर मराठी पडदा व्यापला. अतिपरिचयाने तेही अनेकांना बघवेनासे झाले: ते डोळे फिरवणे, ती धावपळ, तो वरच्या पट्टीतला आवाज. १९९२ साली जब्बार पटेल यांनी 'एक होता विदूषक' केला; पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. तमाशातील सोंगाड्याचा चित्रपटातील लोकप्रिय नट होतो आणि हसवण्याच्या धंद्यात आपल्याच माणसांपासून तुटत जातो, ही आबुरावाची कथा. बेर्डे यांनी तेथे आपल्या साऱ्या लकबी आवरून धरल्या. त्या चित्रपटाला तिकीटबारीवर यश मिळाले नाही. ज्यांना बेर्डे बघवत नव्हते त्यांनी जाहिरातीवरचा चेहरा पाहूनच पाठ फिरवली असावी. ज्यांना ते हवे होते त्यांना न हसवणारे बेर्डे बघवले नाहीत. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी मिळून एका नटाला त्याच्या लकबींत कोंडून घातले. नंतर ते पुन्हा नेहमीच्या भूमिकांकडे वळले आणि २००४ साली निवर्तले. आज तो चित्रपट त्यांच्या अभिनयसामर्थ्याचा दाखला म्हणून उद्धृत होतो.

मराठी विभागांच्या दृष्टीने या साऱ्याचा संबंध कोठे येतो? प्रथमतः वर्गात. दिव्याहून ठाण्याच्या, मुलुंडच्या किंवा डोंबिवलीच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी आवडत्या नटाचे नाव विचारल्यास बहुधा श्रीराम लागू असे सांगतो. लागू थोर नट होते यात शंका नाही. परंतु हे उत्तर पुष्कळदा समोरच्या अध्यापकाकडे पाहून दिलेले असते. घरी काय पाहिले आणि घरातील कोणाला काय बघवले नाही, हे तो वर्गात आणत नाही, कारण वर्गात कोणते हसणे चालते याचा अंदाज त्याला पहिल्या सत्रातच आलेला असतो. लोकसाहित्याच्या तासाला सोंगाड्या शिकवला जातो आणि 'सोंगाड्या'चे नाव काढले की वर्ग हसतो. त्या हसण्यात विद्यार्थी सामील होतो, तेव्हा तो आपल्या आजोबांना मागे ठेवून आलेला असतो.

दुसरा संबंध संशोधनाचा. दादांच्या चित्रपटांवर आस्वादपर आणि आठवणीवजा लेखन बरेच झाले आहे. त्यांच्या प्रेक्षकांविषयी जवळजवळ काहीच नाही. संहिता मिळते, गाणी मिळतात, तिकीटबारीच्या कथा मिळतात. प्रेक्षागृहातील बाया कोणत्या वाक्याला गप्प बसत, याची नोंद कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. १९७१ साली विशीत असलेला गिरणी कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या बरोबर चित्रपटाला आलेली किंवा मुद्दाम घरी ठेवली गेलेली त्याची पत्नीही तेवढ्याच वयाची. ही माणसे दिवा, कळवा, कल्याण येथील चाळींत अजून भेटू शकतात. एम. ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि काय आवडले हे विचारण्याआधी काय बघवले नाही आणि त्या वेळी शेजारी कोण बसले होते, हे विचारावे. हे काम फार तर आणखी दहा वर्षे करता येईल.